ईसीजीच्या कागदावरून बाबांचं पुढचं कळतं का?

पत्र:

"माझे बाबा ६१ वर्षांचे. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना मोठा ॲटॅक आला. फाइलवर अँटीरिअर वॉल एमआय (हृदयाच्या पुढच्या भिंतीचा ॲटॅक) लिहिलंय, एलएडी ही तिथली वाहिनी पूर्ण बंद होती, त्याच रात्री अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. डिस्चार्जच्या इकोत ईएफ (एका ठोक्यात डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) ३८ होता. आता घरी आहेत पण इतके घाबरलेत की जिना उतरायला पण तयार नसतात. सगळे ईसीजी माझ्याकडे आहेत. पहिल्यात व्ही३ या छातीवरच्या लीडला एसटी (ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरची रेघ) सहा छोटे चौकोन वर आहे, स्टेंटनंतर तासाभराने काढलेल्यात दीड. परवा फॉलोअपला काढला त्यात व्ही१ ते व्ही३ मध्ये क्यू वेव्ह, टी (ठोक्याची शेवटची लाट) उलटा, एसटी अजून एक चौकोन वर, क्यूआरएस (ठोक्याची टोकदार लाट) १०४, रेट ७२, आणि वर मशीनने छापलंय 'अँटीरिअर इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड'. होल्टरमध्ये (दिवसभर लावून ठेवलेल्या ईसीजीत) व्हीपीसी, म्हणजे जास्तीचे ठोके, पण आलेत. मी ऑनलाइन एका कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरले, ग्रेस नावाचा स्कोअर आहे, त्यात मृत्यूची जी टक्केवारी आली ती बघून झोपच उडाली. भाऊ म्हणतो दर आठवड्याला ईसीजी काढू आणि ते व्हीपीसी गोळी देऊन बंद करून घेऊ. ईसीजीवरून खरंच कळतं का बाबा किती जगतील? ता.क. सिगरेट सोडली म्हणतात, पण गॅलरीत वास येतो."

उत्तर:

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. बाबा किती वर्षं जगतील हे ईसीजीवरून कळत नाही, कुणालाच नाही, मोठ्यात मोठ्या कार्डिओलॉजिस्टला पण नाही. पण म्हणून ईसीजी काहीच सांगत नाही असंही नाही. बरंच सांगतो, फक्त कुठला कागद कुठल्या दिवसाचा आहे त्यावर ते अवलंबून असतं, आणि तुमच्या हातातल्या कागदांपैकी ज्याकडे तुम्ही जवळजवळ दुर्लक्ष केलंय तोच सगळ्यात जास्त बोलतोय, आणि चांगलं बोलतोय. त्याच्याकडे येतेच, पण आधी तो टक्का डोक्यातून काढू, कारण तो डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही कानात शिरणार नाही.

ग्रेस स्कोअर हा पेशंट दवाखान्यात आला त्या वेळच्या आठ गोष्टींवर चालतो: वय, नाडी, बीपी, क्रिएटिनिन, फुप्फुसात पाणी किंवा शॉक आहे का ते सांगणारा किलिप क्लास, येताना हृदय बंद पडलं होतं का, रक्तात ट्रोपोनिनसारखी हृदयाच्या दुखापतीची खूण वाढलीय का, आणि ईसीजीत एसटी वर किंवा खाली गेलाय का. म्हणजे बघा, बारा लीडच्या अख्ख्या ईसीजीतून त्या स्कोअरमध्ये एसटीसाठी फक्त हो किंवा नाही अशी एक खूण जाते. स्टेंटनंतर एसटी किती उतरला, क्यू किती लीडमध्ये आलाय, क्यूआरएस किती रुंद आहे, यातलं त्याला काही माहीत नसतं. मोठ्या ॲटॅकसाठी टिमी नावाचा दुसरा एक स्कोअर आहे, त्यात एकूण १४ पॉइंट असतात, आणि तुम्हाला ज्याची एवढी धास्ती वाटतेय त्या 'अँटीरिअर' शब्दाला त्यातला एकच पॉइंट आहे, तर आल्या आल्या वरचं बीपी १००च्या खाली असेल तर तीन.

दुसरं म्हणजे हे स्कोअर बनलेत ते पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ठरवावं म्हणून, की या माणसाला किती घाईने कुठे न्यायचं, किती दिवस नजरेखाली ठेवायचं. तुम्ही पहिल्या रात्रीचे आकडे सहा आठवड्यांनी भरलेत. ॲटॅकनंतर सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही तासांत, मग पहिल्या काही दिवसांत, मग पहिल्या महिन्यात असतो. बाबा तो सगळा टप्पा ओलांडून घरी बसलेत. स्कोअरला हे माहीत नाही, तो अजून त्या रात्रीच्याच बाबांबद्दल बोलतोय. आणि असे टक्के हे हजारो माणसांच्या घोळक्याचे असतात. शाळेचा दहावीचा निकाल ९० टक्के लागला म्हणून तुमच्या मुलाला ९० टक्के मार्क पडत नाहीत, तसंच हे. त्या आकड्यात बाबा कुठे उभे आहेत ते तो आकडा सांगत नाही.

आता कागद काढा. कागदावर जे बारीक चौकोन असतात त्यातला एक छोटा चौकोन आडवा मोजला तर ०.०४ सेकंद आणि उभा मोजला तर १ मिलिमीटर, कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. एवढं माहीत असलं की पुढचं समजेल.

पहिला ईसीजी, म्हणजे इमर्जन्सीत काढलेला, तो कुठली वाहिनी बंद आहे आणि किती स्नायू पणाला लागलाय याचा अंदाज देतो. वाहिनी पूर्ण बंद झाली की त्या भागावरच्या लीडमध्ये एसटी वर उचलला जातो, १९२० साली हॅरोल्ड पार्डी नावाच्या डॉक्टरांनी ॲटॅकच्या पेशंटमध्ये हे दाखवलं, आणि आजही आम्ही त्यावरच धावाधाव करतो. व्ही१ ते व्ही४ वर गेलेत म्हणजे पुढची भिंत, एलएडी. लीड टू, थ्री आणि एव्हीएफ म्हणजे खालची भिंत. एलएडी डाव्या कप्प्याचा मोठा भाग आणि मधला पडदा सांभाळते, म्हणून सरासरी बघितली तर अँटीरिअर ॲटॅकमध्ये स्नायूचं नुकसान जास्त होतं आणि पुढे हार्ट फेल्युअरचं प्रमाणही इन्फेरियरपेक्षा, म्हणजे खालच्या भिंतीच्या ॲटॅकपेक्षा, जास्त दिसतं. हे खरं आहे, लपवणार नाही. (इन्फेरियर म्हणजे सोपा असंही कुणी समजू नये, उजवा कप्पा त्यात सापडला तर तोही जिवावर बेततो, म्हणून तिथे छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून बघतात.) पण पहिला कागद फक्त पणाला काय लागलंय ते सांगतो, गेलं किती ते सांगत नाही. सहा चौकोन वर गेलेला एसटी म्हणजे तेवढा स्नायू मेला असं नसतं, त्या क्षणी तो स्नायू रक्तावाचून तडफडत होता एवढंच. त्यातला किती वाचला हे त्यानंतर वाहिनी किती लवकर उघडली यावर ठरतं.

आणि म्हणून तो दुसरा कागद, स्टेंटनंतर तासाभराने काढलेला. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलाय, पण मला सगळ्या फाइलमधून एकच कागद निवडायला सांगितला तर मी तोच उचलेन. पहिल्यात व्ही३ ला सहा, दुसऱ्यात दीड. साडेचारने उतरला, सहातले साडेचार म्हणजे ७५ टक्के. ७० टक्के किंवा त्याहून जास्त उतरला तर आम्ही त्याला पूर्ण उतरला म्हणतो, ३० ते ७० असेल तर अर्धवट, आणि ३०च्या आत असेल तर उतरलाच नाही असं धरतो. या तीन गटांत पुढे मृत्यूचं आणि हार्ट फेल्युअरचं प्रमाण पायरीपायरीने वाढत जातं, हे अनेक मोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आधी गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या काळात आणि मग अँजिओप्लास्टीच्या काळातही. बाबा त्यातल्या चांगल्या गटात बसतात.

याचं कारण पण समजून घ्या, कारण ते कळलं की तुम्हाला या कागदाची किंमत कळेल. अँजिओग्राफीच्या पडद्यावर मोठी वाहिनी उघडलेली दिसते, डॉक्टर म्हणतात फ्लो छान आहे, नातेवाईकांना पण ती सीडी दाखवतात. पण स्नायूला रक्त मिळतं ते त्या मोठ्या वाहिनीतून पुढे फुटणाऱ्या केसाहून बारीक नळ्यांतून, आणि त्या पडद्यावर दिसत नाहीत. काही पेशंटमध्ये मोठी वाहिनी उघडी असते पण या बारीक नळ्या गुठळीच्या कणांनी, सुजेने बंद पडलेल्या असतात आणि स्नायू उपाशीच राहतो. अशा वेळी एसटी वरच अडकून बसतो. तो झरझर खाली आला म्हणजे रक्त अगदी स्नायूच्या पेशीपर्यंत पोचलं. म्हणजे त्या रात्री पडद्यावर जे दिसत नव्हतं ते त्या साध्या कागदाने सांगितलं. मोजताना डॉक्टर सगळ्या लीडची बेरीज करतात किंवा सगळ्यात जास्त उचललेलं लीड धरतात, तुम्ही व्ही३ धरलंय ते तेच असावं. फॉलोअपला गेलात की दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना मुद्दाम विचारा की एसटी किती टक्के उतरला होता, ते मोजून सांगतील.

आता परवाचा कागद. व्ही१ ते व्ही३ मधले क्यू. तिथला स्नायू गेला की विजेची लाट त्या जागेवरून उलटी दिसते, तो खड्डा म्हणजे क्यू. हे गेलेल्या स्नायूचं चिन्ह आहे हे बरोबर, आणि जितक्या जास्त लीडमध्ये क्यू तितका वण मोठा हा अंदाजही ढोबळमानाने बरोबर. पण पूर्वी आम्हाला शिकवायचे की क्यू आला म्हणजे भिंत आरपार गेली, आता एमआरआयमध्ये वण प्रत्यक्ष बघता येतो तेव्हा कळलं की क्यू हा वण किती खोल यापेक्षा एकूण किती मोठा याच्याशी जास्त जोडलेला असतो. शिवाय क्यू कायमचा दगडावर कोरलेला नसतो, काही पेशंटमध्ये पुढच्या महिन्यांत तो लहान होतो, कधी कधी पार जातो. ॲटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, आम्ही त्याला स्टन्ड म्हणतो, तो काही दिवसांत ते काही आठवड्यांत कामाला लागतो. डिस्चार्जचा ३८ ईएफ हा त्या बधिर स्नायूसकट मोजलेला आकडा आहे हे लक्षात ठेवा.

उलटा टी बघून घाबरू नका, ॲटॅक उतरताना टी उलटा होणं हा ठरलेला क्रम आहे, पुढे तो हळूहळू सरळ झाला तर स्नायू सावरतोय असं बऱ्याचदा दिसतं, काहींचा तसाच राहतो. क्यूआरएस १०४ मिलीसेकंद ही चांगली बातमी आहे, तो १२०च्या पुढे रुंद असता, विशेषतः ॲटॅकमध्येच नवीन बंडल ब्रँच ब्लॉक (वीज नेणारी एक फांदी बंद पडणं) झाला असता, तर मी जास्त काळजी केली असती, कारण वीज वाहणारी वायरिंग सापडली म्हणजे बराच मोठा भाग सापडला. रेट ७२ पण ठीक. लोक याकडे बघतच नाहीत, पण बसल्या जागी नाडी सतत ९०-१००च्या वर राहणं हे ॲटॅकनंतर वाईट लक्षण मानलं जातं, आणि ते कळायला काही खर्च नाही.

एकाच गोष्टीवर मी बोट ठेवेन, ती म्हणजे एसटी अजून एक चौकोन वर असणं. स्टेंटनंतर छान उतरला, मग थोडासा राहिला, असं अँटीरिअर ॲटॅकमध्ये पुष्कळांत दिसतं आणि बऱ्याचदा त्यातून काही निघत नाही. पण आठवडे उलटले तरी क्यू असलेल्या लीडमध्ये एसटी वरच असेल तर तिथली भिंत पातळ होऊन फुगलीय का, म्हणजे ॲन्युरिझम आहे का, हे बघावंच लागतं, आणि अशा फुगलेल्या जागी रक्त साचून गुठळी होऊ शकते. हे ईसीजी ठरवू शकत नाही, इको ठरवतो. म्हणून इकोला जाल तेव्हा नुसता ईएफ विचारू नका, 'एपेक्सला (म्हणजे हृदयाच्या टोकाला) ॲन्युरिझम किंवा क्लॉट आहे का' हे पण विचारा, बघणारा त्या जागी जरा जास्त वेळ थांबेल.

आता मशीनने छापलेलं ते वाक्य. त्यातला 'एज' इन्फार्क्टच्या वयाबद्दल आहे, म्हणजे हा डाग नवा की जुना ते मशीनला कळत नाहीये. मशीनला बाबांची हिस्टरी माहीत नाही, त्याला समोरचा क्यू दिसतो आणि ते छापतं. यापुढे कदाचित प्रत्येक ईसीजीवर ते येईल, आणि दर वेळी कुणीतरी घाबरेल, म्हणून घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा की हा नवीन ॲटॅक नाही. आणि यातून एक फार कामाची गोष्ट निघते. उद्या बाबांच्या छातीत दुखलं, अनोळखी दवाखान्यात न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरसमोर क्यू आणि थोडा वर असलेला एसटी येईल आणि हे आजचं की जुनं हे त्याला ठरवता येणार नाही. त्याच्या हातात परवाचा कागद दिलात तर दोन मिनिटांत ठरेल. म्हणून परवाच्या ईसीजीचा नीट सपाट ठेवून फोटो काढा, तारीख दिसली पाहिजे, तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स बाबांच्या पाकिटात. मूळ कागद पण जपा, तो उष्णतेने छापला जाणारा कागद असतो, काळाने फिका पडतो.

दर आठवड्याला ईसीजी काढायचा विचार मात्र सोडा. त्रास नसताना आठवड्याआठवड्याला काढलेल्या ईसीजीतून पुढचं जास्त कळत नाही, उलट गोंधळ वाढतो. व्ही१ आणि व्ही२ चे चिकटे चौथ्या फासळीखालच्या जागेत लावायचे असतात, ते घाईत दोन बोटं वर लागले तर त्या लीडमधला आकार बदलतो, आणि मग तुम्ही दोन कागद शेजारी ठेवून रात्रभर न झालेला बदल शोधत बसाल. मनगटावरच्या घड्याळाचा ईसीजी पण यासाठी नाही, ते एकच लीड असतं, एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय) पकडायला उपयोगी पडतं, पण ॲटॅक आहे की नाही किंवा स्नायू किती वाचलाय हे त्यावरून ठरवू नका.

आणि आता भावाचा मुद्दा, व्हीपीसी गोळीने बंद करायचा. यावर जरा थांबते, कारण भाऊ जे म्हणतोय ते अगदी पटण्यासारखं आहे आणि एके काळी डॉक्टरांनाही तेच पटलेलं होतं. ॲटॅकनंतर ज्यांना हे जास्तीचे ठोके जास्त येतात त्यांच्यात अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे तेव्हा माहीत झालं होतं. मग साहजिक वाटलं की ठोके दाबले की मृत्यू कमी होतील. एन्केनाइड, फ्लेकेनाइड अशी औषधं ठोके खरंच दाबायची, होल्टर स्वच्छ यायचा. तरी कुणीतरी म्हटलं की नीट तपासू या, आणि कास्ट नावाची चाचणी झाली. त्यात औषधाने ज्यांचे ठोके कमी होतात असं आधी बघून घेतलेलेच पेशंट घेतले, मग त्यातल्या निम्म्यांना ते औषध आणि निम्म्यांना खोटी गोळी. १९८९ मध्ये या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. एकूण १,४९८ पेशंट होते, खोटी गोळी घेणाऱ्यांत २६ मृत्यू झाले आणि औषध घेणाऱ्यांत ६३. ठोके कमी झाले, माणसं जास्त गेली.

ही चाचणी मी तुम्हाला सविस्तर सांगतेय कारण तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर तिच्यात आहे. ईसीजीतली खूण धोका दाखवते म्हणून ती खूण पुसली की धोका पुसला जात नाही. जास्तीचे ठोके हे दुखावलेल्या स्नायूतून येतात, दुखणं स्नायूत आहे. म्हणून बाबांना बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी कमी ठेवणारं औषध) चालू असेल, तो ठोक्यांसाठी नाही तर हृदयासाठी आहे आणि ॲटॅकनंतर विशेषतः ईएफ कमी असलेल्यांत त्याने मृत्यू कमी होतात, तो चालू ठेवायचा. सुटे व्हीपीसी एवढंच असेल तर त्यासाठी वेगळी गोळी स्वतःहून मागू नका. होल्टरच्या रिपोर्टमध्ये 'व्हीटी' शब्द आहे का तेवढं बघा, असे जास्तीचे ठोके सलग तीन किंवा जास्त आले तर तो लिहितात, तो असेल तर डॉक्टरांशी नीट बोला. चक्कर येऊन शुद्ध गेली असेल तर मग फॉलोअपची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

तर मग पुढचं सगळ्यात जास्त कशावरून कळेल? आत्ताच्या टप्प्याला इकोवरून. ॲटॅकनंतर साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांनी, औषधं पूर्ण चालू असताना, इको परत करायचा असतो. बधिर स्नायू तोवर जागा होऊन गेलेला असतो आणि खरा ईएफ दिसतो. बाबांचा ३८ चा ४५ झाला तर चित्रच बदलतं. तो ३५ किंवा त्याखाली राहिला आणि चालताना दम लागत असेल, किंवा दम नसला तरी ३० किंवा त्याखाली असेल, तर छातीत आयसीडी बसवायचा विषय निघतो, जे यंत्र धोक्याची लय आली की शॉक देऊन ती मोडतं. हा विषय पहिल्या महिन्यात का काढत नाहीत, असं तुम्ही विचाराल. २००४ मध्ये डायनामिट नावाच्या चाचणीत ॲटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत आयसीडी बसवून बघितला होता, लय बिघडून होणारे मृत्यू कमी झाले पण एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, म्हणून किमान ४० दिवस आणि स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर बहुधा तीन महिने थांबतात. म्हणजे डॉक्टर काही करत नाहीयेत असं भावाला वाटत असेल तर त्याला हे सांगा, ते थांबणं ठरवून केलेलं असतं.

आणि आता ता.क. मध्ये तुम्ही जे हळूच लिहिलंय त्याबद्दल, कारण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त काळजी त्या गॅलरीतल्या वासाची वाटली, क्यू वेव्हची नाही. ॲटॅकनंतर सिगरेट पूर्ण सोडणाऱ्यांत मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतो. ईसीजीतली एकही रेघ तुम्हाला बदलता येणार नाही, हे बदलता येतं. नवीन स्टेंट असताना धूर म्हणजे गुठळीला आमंत्रण. पण भांडून नका सांगू, लपून ओढणारा माणूस भांडणानंतर जास्त लपून ओढतो. आधी कबूल करू द्या, ओरडायचं नाही असं भावालाही बजावा, मग डॉक्टरांसमोर विषय काढा, निकोटिनचे पॅच, गम, गोळ्या असतात, त्या हृदयाच्या पेशंटलाही देता येतात, नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला लावणं त्यांच्यावर अन्याय आहे.

स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, दात काढायचाय, ॲसिडिटी होतेय, काहीही असलं तरी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, बीटा ब्लॉकर, बाकी जे चालू आहे ते तसंच.

बाबांना तो टक्का सांगू नका, त्यांना त्याचा काही उपयोग नाही. पण हे सांगा की स्टेंटनंतर तुमचा एसटी ७५ टक्के उतरला होता, म्हणजे रक्त स्नायूपर्यंत पोचलं, हे खोटं धीर देणं नाही, हे कागदावर आहे, त्यांना चौकोन मोजून दाखवा. जिना उतरायला घाबरतात ना, तर कार्डिॲक रिहॅब विचारा. देखरेखीखाली हळूहळू चालणं वाढवायचा तो कार्यक्रम असतो, त्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि परत ॲडमिट व्हायची वेळ दोन्ही कमी होतात, आणि एकदा मॉनिटर लावून चालले आणि काही झालं नाही हे स्वतः बघितलं की भीती जेवढी उतरते तेवढी माझ्या हजार शब्दांनी उतरणार नाही. रिहॅब जवळ नसेल तर डॉक्टरांना विचारून घरातच सपाटीवर, बोलता बोलता दम न लागेल इतपत चालणं सुरू करा, पहिले काही दिवस तुम्ही सोबत चाला.

छातीवर दाब आला, घाम फुटला, अचानक दम लागला, शुद्ध हरपली तर मात्र कागद बघत बसू नका, घड्याळात ईसीजी काढत बसू नका, सरळ ॲम्ब्युलन्स. आणि तिथे पहिला ईसीजी 'काही नवीन नाही' आला तरी घरी घेऊन येऊ नका, सुरुवातीचा ईसीजी चकवू शकतो, तो थोड्या थोड्या वेळाने परत काढावा लागतो आणि ट्रोपोनिन पण बघावं लागतं.

इकोची तारीख घेतली नसेल तर आजच घ्या. रिपोर्ट आला की ईएफ किती आणि ॲन्युरिझमबद्दल काय लिहिलंय ते मला कळवा, होल्टरच्या शेवटच्या पानावरचा सारांश पण पाठवा, मग पुढचं त्यावर बोलू.